खांदा देण्याआधी



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचे रोप लावले. त्याच्या फांद्या आज गावोगाव पसरल्या आहेत. या मांडवात विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, हा रिवाज आम्ही तीस वर्षे पाळत आलो. आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे जे काही झाले ते मागांच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीत आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा किमान वेतनाची किंवा कामगार संहितांची असावी. आम्ही म्हणालो, "आत्महत्या टाळण्यासाठी गावाने काय करावे, यावर बोलू." फोनवर क्षणभर शांतता पसरली. वसंताच्या उत्सवात हा विषय कशाला, आणि त्यावर युनियनवाल्याने बोलावे तरी का, हे दोन्ही प्रश्न त्या शांततेत आम्हांस स्पष्ट ऐकू आले. दोन्हींचे उत्तर एकाच प्रसंगात आहे. तो आधी सांगतो.

अकरा वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या तोंडची गोष्ट. बोनसची बोलणी चालू होती आणि कचेरीत रात्री दहापर्यंत माणसांचा राबता होता. कचेरीच्या दाराशी एक लाकडी बाक आहे. आमचा एक सभासद, यंत्रमागावरचा कामगार, दोन दिवस संध्याकाळी येऊन त्या बाकावर बसला. आम्ही विचारले, "काय रे, काही काम?" तो म्हणाला, "न्हाई अण्णा, बसलोय जरा." आम्ही म्हणालो, "बस की," आणि पुन्हा कागदांत डोके घातले. तिसऱ्या दिवशी तो उठून टेबलापाशी आला, खिशातून नोटा काढल्या आणि सहा महिन्यांची थकलेली वर्गणी भरली. आम्ही खूश झालो. चारचौघांत म्हणालो, "बघा, सभासद असा पाहिजे." पावती फाडून दिली. दुसऱ्या दिवशी ती पावती पोलिसांना त्याच्या खिशात मिळाली.

खांदा द्यायला आम्ही पुढे होतो. सारी आळी होती, दोन पाळ्यांचे कामगार होते. आपल्या गावाचा हा गुण आहे, की मेलेल्या माणसाला ते एकटे जाऊ देत नाही. रक्षाविसर्जनाच्या दिवशी नैवेद्य ठेवून माणसे कावळ्याची वाट बघत बसली आणि बसल्या बसल्या एकेक जण बोलू लागला. मेडिकल दुकानदार म्हणाला, झोप लागत नाही म्हणून दोनदा गोळी मागायला आला होता. पानपट्टीवाला म्हणाला, उधारी सगळी चुकती करून गेला. जॉबर म्हणाला, इतका हातखंडा कामगार, पण महिनाभर त्याच्या कापडात दोष निघत होते. शेजारी म्हणाला, रात्री वसुलीवाले दारात उभे असायचे. मुलाचे गुरुजी म्हणाले, पोरगं पंधरा दिवस वर्गात गप्प होतं. मेहुणा म्हणाला, कधी फोन न करणारा माणूस, त्या आठवड्यात सगळ्या पाहुण्यांची खुशाली विचारत होता. सातवे आम्ही. वर्गणीची गोष्ट आम्हांस ठाऊक होती. पण ती त्या दिवशी आमच्या तोंडातून बाहेर पडली नाही.

सात माणसांना सात गोष्टी माहीत होत्या. एकेकटी घेतली तर त्यांतल्या कोणत्याही गोष्टीने कोणाच्या काळजात धस्स होऊ नये. झोप कोणाची उडत नाही? उधारी कोणी फेडू नये काय? परंतु सातही गोष्टी एका ठिकाणी मांडल्या असत्या, तर शाळेत न गेलेल्या माणसालाही कळले असते की हा माणूस निरवानिरव करीत आहे. त्या गोष्टी एका ठिकाणी आल्या खऱ्या, पण कावळ्याची वाट बघताना. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

यातून एक गैरसमज होऊ नये. त्याच्या मृत्यूचा दोष आम्ही कोणा एकावर ठेवीत नाही, घरच्यांवर तर मुळीच नाही. आत्महत्येला कारण एकच कधी नसते. कर्ज, आजार, व्यसन, घरातील कलह, अपमान आणि मनाचा विकार यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात आणि बाहेरच्याला त्यातला एखादाच दिसतो. आमचे म्हणणे इतकेच आहे, की आपल्या गावाजवळ माया आहे, माहितीही आहे. या दोहोंची गाठ वेळेवर घालून देणारी व्यवस्था नाही. ती व्यवस्था कशी उभारावी, हाच आजचा विषय.

प्रथम हा प्रश्न कोणाचा आहे ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांतील २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातील होत्या आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता. महाराष्ट्रात आत्महत्या म्हटले की विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी डोळ्यांसमोर येतो. ते दुःख खरेच आहे आणि त्याविषयी आम्ही एक अक्षरही कमी बोलणार नाही. तथापि त्याच अहवालात देशभरातील मृतांपैकी एक-चतुर्थांशाहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती. जीव दिलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. रोजंदारीवाल्याची सभा भरत नाही, गृहिणीचा मोर्चा निघत नाही. त्यांचे मरण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत उरकते. म्हणून हा प्रश्न दूरच्या जिल्ह्याचा नसून तुमच्या-आमच्या गल्लीचा आहे.

आता युनियनचा यात संबंध काय? १८९७ साली एमिल दुरखीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने आत्महत्येवर एक ग्रंथ लिहिला. माणसाचे इतर माणसांशी असलेले बंध सैल झाले की आत्महत्या वाढतात, आणि म्हणून ही बाब केवळ त्या एका माणसाची नसून समाजाचीही आहे, हे त्याने त्यात दाखविले. त्याच १८९७ सालच्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे वारले. १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधणारे आणि १८९० साली त्यांना रविवारची सुटी मिळवून देणारे ते हेच लोखंडे. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करता करता त्यांना प्लेगनेच गाठले. प्लेग हा युनियनचा विषय नाही, असे ते म्हणाले नाहीत. आमच्या वहीत ज्याचे नाव आहे त्याची मजुरी तेवढी आमची आणि जीव मात्र त्याचा त्याने सांभाळावा, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही.

"हे खरे, पण आत्महत्या टाळता येतात का? लिहिलेले कोणाला चुकले आहे?" असे आम्हांस पुष्कळ जण विचारतात. त्यांच्यासाठी एका शहराची हकीकत सांगतो. जर्मनीत न्युर्नबर्ग नावाचे सुमारे पाच लाख वस्तीचे शहर आहे. २००१ आणि २००२ अशी दोन वर्षे तेथे चार आघाड्यांवर एकदम काम झाले. पहिली आघाडी नेहमीच्या डॉक्टरांची. ताप-खोकल्यासाठी आलेल्या माणसातील खिन्नतेचा विकार ओळखावा कसा आणि त्यावर उपचार करावा कसा, याचे शिक्षण त्यांना दिले. दुसरी आघाडी जनतेची. भिंतीपत्रके आणि सभा यांतून तीन साध्या गोष्टी सांगितल्या: हा विकार कोणालाही होऊ शकतो, त्याची रूपे अनेक असतात आणि तो बरा होतो. तिसऱ्या आघाडीवर शिक्षक, पाद्री, पोलीस, औषधविक्रेते, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारे, अशी रोज माणसांत वावरणारी मंडळी तयार केली. चौथी आघाडी ज्यांनी पूर्वी प्रयत्न केला होता ती माणसे आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी होती. त्यांना तातडीने मदत मिळेल अशी सोय केली.

परिणाम काय झाला? २००० साली त्या शहरात आत्महत्या आणि आत्महत्येचे प्रयत्न मिळून ६२० घटना घडल्या होत्या. २००२ साली त्या ४७१ झाल्या, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा कमी. तुलनेसाठी घेतलेल्या व्युर्त्सबर्ग शहरात अशी घट दिसली नाही. ही घट मुख्यत्वे प्रयत्नांच्या संख्येत होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु प्रत्येक प्रयत्नामागे एक माणूस असतो आणि एक घर असते. पुढे त्याच धर्तीवर युरोपातील अनेक शहरांनी काम सुरू केले. आम्हांस यातील लक्षणीय गोष्ट ही वाटते, की न्युर्नबर्गने नवा राजवाडा बांधला नाही. डॉक्टर, गुरुजी, पोलीस, औषधवाला ही माणसे तेथे आधीच होती. नवी होती ती त्यांची एकत्र बैठक.

कोणी म्हणेल, जर्मनीत पैसा आहे आणि डॉक्टर आहेत. तर मग आपल्या अमरावती जिल्ह्यात चला. 'संगाथ' या संस्थेने तेथील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालविला. गावातलीच माणसे शिकवून तयार केली. त्यांनी घरोघरी जाऊन, छोट्या बैठका घेऊन मनाच्या दुखण्याविषयी बोलणे सुरू केले. ज्याला गरज त्याचे निवांत ऐकून घेतले आणि ज्याचे दुखणे मोठे त्याला मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोचविले. आरंभीच्या पाहणीत खिन्नतेचा विकार असलेल्या शंभरांपैकी जेमतेम चार जणांनी उपचारासाठी कोणाकडे धाव घेतली होती. दीड वर्षानंतरच्या पाहणीत हे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. जीव द्यावासा वाटला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. एका पाहणीवर फार मोठा दावा उभारू नये, हे आम्हांस कळते. पण "आपल्या खेड्यांत हे जमायचे नाही" असे म्हणणाऱ्याला एवढे उत्तर पुरे आहे.

पदवी नसलेल्या माणसाच्या ऐकून घेण्याला मोल किती, याची एक जुनी हकीकत आहे. १९५३ साली लंडनमधील चाड वारा या पाद्र्याने जीवनाला विटलेल्यांसाठी दूरध्वनीची सोय सुरू केली. लोक भेटायलाही येऊ लागले आणि रांग लागली. रांगेतल्यांना चहा द्यायला, त्यांच्याशी चार शब्द बोलायला काही साधी माणसे येऊन बसत. थोड्याच दिवसांत पाद्र्याच्या ध्यानात आले, की अनेकांना आपल्या उपदेशाची गरजच उरत नाही. त्या चहाच्या कपापाशीच त्यांचे मन मोकळे होते. त्याने काम त्या माणसांच्या हाती सोपविले. 'समॅरिटन्स' ही संस्था अशी उभी राहिली. आपल्याकडे चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली 'स्नेहा' ही संस्था काढली, तीही स्वयंसेवकांच्या बळावरच चालत आली.

आता एक नाजूक पण महत्त्वाचा मुद्दा. जीव द्यावा ही तीव्र ऊर्मी पुष्कळांच्या बाबतीत लाटेसारखी असते. ती चढते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत माणूस एकटा नसला आणि घातक वस्तू त्याच्या हाताशी नसली, तर बहुतेक वेळा तो वाचतो आणि पुढे जगतो. श्रीलंकेने १९९५ आणि १९९८ साली शेतीतील सर्वांत जहाल औषधांवर निर्बंध आणले. १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले आणि पिकांचे उत्पन्नही त्यामुळे घटले नाही. तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यातील दोन गावांत 'स्नेहा'च्या पुढाकाराने शेतीची औषधे घरात न ठेवता गावच्या एका कोठारात, कुलपाच्या पेट्यांत ठेवण्याचा प्रयोग झाला. आपल्याकडील शेतकी औषधांचे दुकानदार, सोसायट्या आणि ग्रामपंचायती यांना हे अवघड आहे असे आम्हांस वाटत नाही.

ही सगळी वाचलेली विद्या झाली. आता आमच्या गावाची हकीकत सांगतो. तीत यशापेक्षा फजिती अधिक आहे.

त्या दिवाळीनंतर आम्ही एक समिती काढली. उद्घाटन झाले, हार-तुरे झाले, फोटो छापून आला. अकरा पदाधिकारी नेमले आणि तीन महिन्यांत एकही माणूस आमच्याकडे आला नाही. येणार कसा? कचेरीच्या भिंतीवर आम्ही मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती, 'आत्महत्या प्रतिबंध समिती'. त्या पाटीखालून दिवसाढवळ्या कोण आत शिरेल? आमच्या आळीतील एका म्हाताऱ्या कांडीवाल्या मावशींनी आम्हांस विचारले, "आण्णा, त्यो दाराशी बसला हुता तवा तुमची पाटी असती तर त्यो आत आला असता का?" त्या रात्री आम्ही पाटी काढली.

दुसऱ्यांदा सुरुवात केली ती युनियन बांधतात तशी. युनियन ठरावाने उभी राहत नाही. कोणी काय करायचे, कोणत्या दिवशी करायचे आणि झाले की नाही हे कोणी विचारायचे, एवढे ठरले की ती उभी राहते. म्हणून नवी संस्था न काढता, असलेल्या प्रत्येकाला आम्ही एकेक लहान काम दिले. मेडिकल दुकानदाराने झोपेच्या गोळीसाठी पुन्हा पुन्हा येणाऱ्याला चिठ्ठीशिवाय गोळी देऊ नये, पण रिकाम्या हातीही पाठवू नये, "काय होतंय?" एवढे विचारावे. गुरुजींनी गप्प झालेल्या मुलाच्या घरी जावे. बचत गटाच्या बाईने सलग दोन बैठकांना न आलेल्या बाईचे दार वाजवावे. तालमीच्या पोरांनी, भजनी मंडळाने, मोहल्ल्यातील जमातीने आपापल्या माणसांकडे लक्ष ठेवावे. आशाताईंनी दवाखान्याची वाट दाखवावी. युनियनने वसुलीचा जाच अंगावर घ्यावा. आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी नऊ वाजता सर्वांनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसावे. कोणी येवो न येवो, बैठक रद्द नाही.

प्रत्येकाला शिकविले ते पाच शब्दांत मावते: विचारा, ऐका, थांबा, न्या, भेटा. विचारा म्हणजे आडून आडून नव्हे, "जीव नकोसा झालाय का? काही करून घ्यावंसं वाटतं का?" असे सरळ, मायेने विचारा. असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. संशोधनात तसे आढळत नाही. उलट "कोणीतरी विचारलं एकदाचं" म्हणून माणसाचा ऊर हलका होतो. ऐका म्हणजे उपदेश करू नका, "तुला काय कमी आहे?" हे वाक्य तर विसरूनच जा. थांबा म्हणजे धोका वाटला तर त्याला एकटा सोडू नका. न्या म्हणजे पत्ता सांगून मोकळे होऊ नका, सोबत जा. आणि भेटा म्हणजे आठ दिवसांनी, महिन्याने पुन्हा जा; कारण इस्पितळातून घरी आल्यानंतरचे दिवस सर्वांत जपण्याचे असतात.

बैठकीचा एक नियम आम्ही कडक ठेवला आहे. तेथे नावांची यादी होत नाही. एखाद्याची काळजी वाटली तर त्याच्याशी ज्याचा जिव्हाळा आहे अशा एकालाच सांगायचे आणि तो भेटून आला एवढेच पुढच्या वेळी कळवायचे. लहान गावात माहिती जशी तारते तशी मारतेही. सात गोष्टी एकत्र आणायच्या त्या माणसाभोवती आधार उभा करण्यासाठी. चव्हाट्यावर मांडण्यासाठी नव्हे.

दोन आक्षेप आले. पहिला आमच्याच सहकाऱ्यांचा. ते म्हणाले, "ही धर्मादाय कामे कशाला? मजुरी वाढवा, आत्महत्या आपोआप थांबतील." या म्हणण्यात तथ्य आहे. कर्जाच्या फासात अडकलेल्याला नुसती गोड बोलणी पुरत नाहीत. लघुवित्त कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. आमच्या भागात तो पाळला जात नव्हता. समितीचे पाच जण रात्री एका दारात जाऊन वसुलीवाल्यांसमोर नुसते उभे राहिले, नियमाचा कागद हातात घेऊन. त्या घरातील माणसाला त्या रात्री आमच्या कोणत्याही समजुतीपेक्षा ते उभे राहणे अधिक कामाला आले. तेव्हा मजुरीचा लढा सोडायचा नाही. परंतु मजुरीचा करार व्हायला तीन वर्षे लागतात आणि माणसाची वाईट रात्र आज असते. कराराची वाट बघत त्याने बाकावर बसून राहावे काय?

दुसरा आक्षेप मालकांचा. त्यांना वाटले, समितीच्या आडून युनियन कारखान्यात शिरेल. आम्ही शब्द दिला, की त्या खोलीत बोनसचा विषय निघणार नाही, आणि तो पाळला. आज दोन कारखानदार बैठकीला येतात. सोमवारी आम्ही त्यांच्याशी भांडतो आणि दुसऱ्या रविवारी त्यांच्या शेजारी बसतो. एकाने स्वतःच्या भावाची गोष्ट त्या खोलीत प्रथमच सांगितली. हे दुखणे मालक-कामगार ओळखत नाही, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

पोलिसांच्या भीतीविषयी दोन शब्द. प्रयत्न फसला तर गुन्हा दाखल होईल, या धास्तीने घरची माणसे आजही गोष्ट लपवितात आणि उपचार लांबतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला व २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही. सरकारी नोकरावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला आहे. तेव्हा लपवू नका, दवाखान्यात न्या. आमच्या बैठकीला येणाऱ्या हवालदारांनी हे आळीआळीत सांगितले, तेव्हा लोकांनी आमच्यापेक्षा त्यांच्यावर लवकर विश्वास ठेवला.

वार्ताहर मित्रांनाही आमची विनंती आहे. व्हिएन्ना शहरात १९८७ साली वृत्तपत्रांनी भुयारी रेल्वेवरील आत्महत्यांच्या रसभरित बातम्या देणे थांबविले आणि तेथील अशा घटना झपाट्याने कमी झाल्या. आपल्या प्रेस कौन्सिलनेही २०१९ साली याविषयी मार्गदर्शक नियम स्वीकारले आहेत. कसे केले हे छापू नका, एकच कारण ठोकून देऊ नका, आणि बातमीखाली मदतीचा क्रमांक छापा. शासनाची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो आपण सर्वांनी आत्ताच लिहून घ्यावा. या मांडवात बसलेल्यांपैकी कोणाला स्वतःसाठी त्याची गरज असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. आम्हीही एका वाईट काळात मानसोपचाराच्या डॉक्टरांपुढे बसलो आहोत आणि त्यामुळे आमचे पुढारीपण कमी झालेले नाही.

आता शेवटचे. या समितीने किती जीव वाचविले, असे आम्हांस कोणी विचारील. आम्ही आकडा सांगणार नाही. वाचलेल्या माणसाची पावती फाडता येत नाही. समिती असतानाही आमच्या गावात दोघे गेले. त्या दोन्ही घरी आम्ही जातो. तेराव्यानंतर जेव्हा पाहुणे उठून जातात तेव्हा जातो, कारण अशा घरातील माणसांचा जीवही जपावा लागतो. आणि हे काम करणारी माणसेही थकतात. त्यांचेही कोणीतरी ऐकावे लागते. महिन्याच्या बैठकीत पहिली दहा मिनिटे आम्ही त्यासाठीच ठेवली आहेत.

गाव करी ते राव काय करी, असे आपण म्हणतो. ते खरे करायचे तर गावाने वेळेवर जमले पाहिजे. मेल्यावर खांदा द्यायला आपण शंभर जण जमतो, आणि त्यासाठी कोणाला निमंत्रण लागत नाही. त्या शंभरांतले सात जण आठ दिवस आधी जमावेत, एवढेच आमचे मागणे आहे. आपल्या प्रभागात, आपल्या वाचनालयात, आपल्या मंडळात असे सात जण शोधा. पहिल्या बैठकीची तारीख आज घरी जाण्यापूर्वी ठरवा. तारीख नसलेले काम होत नाही, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

आमच्या कचेरीच्या दाराशी तो बाक अजून आहे. कोणी येऊन बसले आणि "काही न्हाई, बसलोय जरा" असे म्हणाले, की आम्ही हातातले कागद बाजूला ठेवतो, दोन चहा सांगतो आणि त्याच्या शेजारी जाऊन बसतो. पुष्कळदा खरोखरच काही नसते. नुसता चहा होतो आणि तो माणूस घरी जातो.